देवनार-कांजूरचा मिथेन उपग्रहातून मोजायचा, तर नेमकं काय विकत घ्यायचं?

ऑगस्ट २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या स्रॉन या अवकाशसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी ब्युनॉस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांतल्या कचराभूमींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या कचराभूमीतून ताशी सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचं त्यात दिसलं. शहराच्या एकूण मिथेनमध्ये हा वाटा साधारण २६ टक्के भरतो. या शहरांचं एकूण उत्सर्जन प्रचलित सूचींमधल्या आकड्यांच्या १.४ ते २.६ पट असल्याचंही त्याच अभ्यासातून पुढे आलं. बातम्यांमध्ये मात्र ९.८ टनांचा हा ताशी आकडा वर्षाचा होऊन फिरला. ९.८ ला ८,७६० तासांनी गुणलं की ८५ हजार टनांच्या वर जातं. हा गुणाकार किती टिकतो, ते पुढे येईल.

इथे घेतलेलं प्रकरण असं आहे. देवनार आणि कांजूरमार्ग या दोन कचराभूमींवरचा मिथेन एका कोरड्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मे या काळात, व्यावसायिक उपग्रह कंपन्यांकडून मोजून घ्यायचा आहे. मागणी कोणाकडे नोंदवायची, डेटा कुठल्या स्वरूपात घ्यायचा, त्यातून आकडा कसा काढायचा आणि शेवटी घनकचरा व्यवस्थापन खात्याच्या अभियंत्याच्या हातात काय ठेवायचं, एवढे प्रश्न सोडवायचे आहेत.

जागा

देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ च्या आगीत तिथला धूर उपग्रहाच्या साध्या छायाचित्रांतही दिसला होता. कांजूरमार्गला बायोरिअॅक्टर पद्धतीचे, म्हणजे कचरा ओलसर ठेवून लवकर कुजवणारे कप्पे आहेत, वायू ओढून घेणारे पाइप आहेत आणि आज शहराच्या कचऱ्याचा मोठा वाटा तिथेच जातो. दोन्ही जागा ठाणे खाडीला लागून, तिवरांच्या कडेला, एकमेकींपासून सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरवर आहेत. २०१८ मध्ये कचरा घेणं बंद केलेली मुलुंडची कचराभूमी त्यांच्याही उत्तरेला. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या उपग्रहाच्या १८ किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात तिन्ही एकदम बसतात. मागणी नोंदवताना चौकट अशीच आखावी. तिन्हींसाठी वेगवेगळे पैसे मोजायचं कारण नाही.

अडचण शेजाऱ्यांची आहे. घाटकोपर आणि भांडुपला सांडपाण्याचे तलाव आहेत, नैऋत्येला माहुलच्या रिफायनऱ्या आहेत, आणि खाडीचा चिखल स्वतःही थोडा मिथेन सोडतो. चिखलातला वायू विखुरलेला असल्यामुळे तो पार्श्वभूमीत मिसळून जातो. सांडपाण्याच्या तलावावरचा लोट, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहत जाणारा मिथेनचा झोत मात्र वाऱ्याची दिशा न पाहता नकाशावर टाकला, तर कचराभूमीच्या नावावर जमा होऊ शकतो.

आधी तरंगलांबी विचारा

‘आमचा उपग्रह हायपरस्पेक्ट्रल आहे’, म्हणजे प्रकाश तरंगलांबीच्या अनेक अरुंद पट्ट्यांत मोजतो, या वाक्यावरून मिथेनबद्दल काहीच कळत नाही. मिथेन सूर्यप्रकाश शोषतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: १,६५० नॅनोमीटरच्या आसपास थोडा आणि २,१०० ते २,४५० च्या दरम्यान बराच जास्त. उपग्रहाचा संवेदक तिथपर्यंत पोचत नसेल, तर त्याचे पट्टे शंभर असोत वा दोनशे, मिथेनसाठी तो आंधळाच.

बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचे फायरफ्लाय उपग्रह १४ जानेवारी २०२५ पासून कक्षेत जाऊ लागले. त्यांचा पिक्सेल ५ मीटरचा, एका फेरीत दिसणारा जमिनीचा पट्टा ४० किलोमीटरचा आणि वर्णपट साधारण ४७० ते ९०० नॅनोमीटरचा आहे. कॅनडाच्या वायव्हर्नचे ड्रॅगनेट उपग्रहही सुमारे ५.३ मीटरचे आणि दृश्य ते निकट-अवरक्त याच टप्प्यातले. देवनारभोवतीची तिवरं कुठे पिवळी पडताहेत, लीचेटचा (कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचा) ओघळ खाडीच्या कुठल्या फाट्यात उतरतो आहे, पाण्यात गाळ आणि हरितद्रव्य किती आहे, या प्रश्नांना हे उपग्रह उत्तम आहेत. मिथेन त्यांना दिसणार नाही. निविदेत नुसतं ‘हायपरस्पेक्ट्रल प्रतिमा, शंभरहून अधिक पट्टे, ५ मीटर’ असं लिहिलं, तर कामाला न येणारा डेटा सर्व अटी पाळून हाती पडेल आणि तक्रारीलाही जागा राहणार नाही.

मिथेनसाठी पर्याय मोजकेच उरतात. प्लॅनेट कंपनीचा टॅनेजर-१ हा १६ ऑगस्ट २०२४ रोजी कक्षेत गेला. त्यावरचा वर्णपटमापक नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या रचनेचा आहे. पिक्सेल ३० मीटर, वर्णपट सुमारे ४०० ते २,५०० नॅनोमीटर, पट्टे दर ५ नॅनोमीटरला. त्याच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध निरीक्षणांत कराचीजवळच्या कचराभूमीवरचा सुमारे ४ किलोमीटर लांबीचा लोट होता. अंदाज निघाला ताशी १,२०० किलो. कराचीही अरबी समुद्राच्या काठचीच, त्यामुळे मुंबईसाठी हा दाखला जवळचा आहे.

मॉन्ट्रियलच्या जीएचजीसॅटचं तंत्र वेगळं आहे. तो सगळा वर्णपट घेत नाही. १,६३० ते १,६७५ नॅनोमीटरची अरुंद खिडकी फॅब्री-पेरो या तरंगलांबी निवडणाऱ्या यंत्राने फार बारकाईने वाचतो, साधारण १२ किलोमीटरच्या चौकटीत २५ मीटरच्या पिक्सेलने. काटेकोर अर्थाने ही प्रतिमा हायपरस्पेक्ट्रल म्हणता येणार नाही, पण २०२२ च्या अभ्यासातलं कचराभूमींचं बारीक मोजमाप याच कंपनीच्या उपग्रहांचं होतं. निविदेतल्या ‘हायपरस्पेक्ट्रल’ या एका शब्दामुळे हा पर्याय बाद होऊ नये. आमच्या मते ‘३० मीटर किंवा त्याहून बारीक पिक्सेल, मिथेनच्या शोषणपट्ट्यात मोजणी, आणि ३ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात ताशी इतके किलो उत्सर्जन ओळखण्याची हमी’ अशी क्षमतेची अट लिहिणं योग्य.

पैसे देण्याआधी फुकटचं पाहा

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं नासाचं एमिट हे उपकरण जुलै २०२२ मध्ये गेलं. पिक्सेल ६० मीटर, पट्टे २८५, वर्णपट ३८१ ते २,४९३ नॅनोमीटर. डेटा मोफत, रेडिअन्स (संवेदकापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची मोजणी) आणि मिथेनची तयार उत्पादनं दोन्ही. जर्मनीचा एनमॅप (१ एप्रिल २०२२) आणि इटलीचा प्रिझ्मा (२२ मार्च २०१९) हे ३० मीटर पिक्सेलचे, जमिनीवरच्या ३० किलोमीटर रुंद पट्ट्याचे. दोन्हींचा डेटा संशोधनासाठी नोंदणी करून मिळतो. व्यावसायिक सल्ल्याच्या कामात तो वापरायचा असेल, तर परवान्याचा मजकूर आधी वाचावा. कार्बन मॅपर या ना-नफा संस्थेच्या सार्वजनिक नकाशावर टॅनेजर आणि एमिटचे ओळखलेले लोट जागेनिशी दिसतात.

या संग्रहात देवनार-कांजूरची जितकी निरभ्र दृश्यं सापडतील, ती सगळी उतरवून घ्यावीत. लोट नसलेलीही. पार्श्वभूमी किती खडबडीत आहे, कुठल्या छपरांवर खोटे ठिपके उमटतात, वर्षाच्या कुठल्या आठवड्यांत आकाश खरंच मोकळं असतं, हे सगळं यातूनच कळतं. एक पैसा न देता कामाचा हा भाग उरकतो, आणि पुढचं निम्मं यश त्यावर ठरतं.

आकारमानाचा अंदाज असावा म्हणून थोडा हिशेब. कचराभूमी १२० हेक्टर धरली, तर ३० मीटरच्या उपग्रहात तिचे १,३३३ पिक्सेल होतात आणि एमिटमध्ये ३३३. ट्रोपोमी या जागतिक पाहणी करणाऱ्या उपकरणाचा एकच पिक्सेल ५.५ गुणिले ७ किलोमीटरचा, म्हणजे ३,८५० हेक्टरचा. त्यात अख्खं देवनार विरघळून जातं. ट्रोपोमीवरून शहर कळतं, कप्पा कळत नाही.

मागणीपत्रात काय लिहायचं

पहिली गोष्ट: लेव्हल-१ रेडिअन्स मागायचा. कंपन्या बहुधा लेव्हल-२ रिफ्लेक्टन्स (जमीन किती प्रकाश परतवते ते) पुढे करतात, कारण शेती आणि खनिजांच्या ग्राहकांना तोच लागतो. पण रिफ्लेक्टन्स तयार करताना हवेचा परिणाम काढून टाकलेला असतो, आणि आपल्याला हवेतलंच काहीतरी मोजायचं आहे. त्या दुरुस्तीत मिथेनच्या खुणा अंशतः पुसल्या जातात किंवा वेड्यावाकड्या होतात.

दुसरी: प्रत्येक पट्ट्याची मध्य तरंगलांबी आणि रुंदी. संवेदकाच्या मधल्या स्तंभाची (पिक्सेलच्या उभ्या रांगेची) तरंगलांबी कडेच्या स्तंभांपेक्षा किंचित सरकलेली असते. स्तंभागणिक आकडे मिळाले तर उत्तम. त्याबरोबर सूर्याचा कोन, पाहण्याचा कोन, सेकंदापर्यंतची वेळ आणि खराब पिक्सेलचा नकाशा.

तिसरी गोष्ट पैशांशी बांधलेली आहे, म्हणून तिथेच घसरायला होतं. दर चौरस किलोमीटरवर असेल, तर दोन्ही कचराभूमींभोवतीचा छोटा तुकडा कापून घ्यायचा मोह होतो. घेऊ नये. मिथेन शोधणारी मॅच्ड फिल्टर पद्धत प्रत्येक स्तंभातल्या पिक्सेलवरून पार्श्वभूमीची सरासरी आणि पट्ट्यांमधली सहचलनं, म्हणजे कुठले पट्टे एकत्र वर-खाली होतात ते, काढते. २,१०० ते २,४५० या खिडकीत दर ५ नॅनोमीटरला एक, असे ७० पट्टे येतात. ७० गुणिले ७० चं सारणीपत्रक स्थिर यायला स्तंभात काहीशे पिक्सेल तरी हवेत. तीन किलोमीटरचा तुकडा घेतला, तर स्तंभात १०० च पिक्सेल. त्यातले खाडीचे वगळले की पन्नास-साठ उरतात आणि निकालात नुसत्या उभ्या रेघा दिसतात. २० किलोमीटर लांबीचं दृश्य घेतलं, की ६६७ ओळी होतात. निम्मं पाणी गेलं तरी तीनशेच्या वर पिक्सेल हाती राहतात, आणि लागलंच तर शेजारचे दोन-तीन स्तंभ एकत्र करता येतात. दृश्य मूळ संवेदकाच्या मांडणीत, नकाशावर न ताणलेलं मागावं. एकदा ताणलं की स्तंभ मोडतात. जागेवर बसवण्याचं काम सगळ्यात शेवटी.

चौथी: लोट न सापडलेली दृश्यंही द्यायची, आणि प्रत्येकासोबत त्या दिवशीची ओळखमर्यादा, म्हणजे किमान किती उत्सर्जन दिसलं असतं तो आकडा. बऱ्याच सेवा ‘लोट सापडला तर अहवाल’ अशा धर्तीच्या असतात. हंगामात दहा वेळा पाहून तीनदाच लोट दिसला, तर उरलेल्या सात वेळांची माहिती तीनइतकीच मोलाची आहे. ती न मिळाल्यास सरासरी कायम फुगलेली निघते.

ढगांची अट पूर्ण दृश्यासाठी न ठेवता दोन कचराभूमी आणि त्यांच्या वाऱ्याखालचे ४ किलोमीटर एवढ्यापुरती ठेवावी. पश्चिम उपनगरांवर ढग आहेत म्हणून देवनारचं स्वच्छ दृश्य नाकारण्यात अर्थ नाही. विक्रेता परदेशी असेल, तर इन-स्पेस या खासगी अवकाश व्यवहारांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय संस्थेची लागणारी नोंद वा मंजुरी कोणी घ्यायची, हेही याच कागदावर स्पष्ट हवं.

मुंबईचं आकाश आणि मुंबईचा वारा

जून ते सप्टेंबर विसरून जा. ऑक्टोबरमध्ये आकाश उघडतं. डिसेंबर-जानेवारीतलं धुरकं पाहून काही जण ते महिने टाळतात, पण त्याची गरज नाही. धुरक्यातले बारीक कण दृश्य प्रकाश विखुरतात, २,३०० नॅनोमीटरपर्यंत जाता जाता त्यांचा परिणाम फार कमी होतो. डोळ्यांना मळकट दिसणारं दृश्य मिथेनसाठी चांगलं निघू शकतं. उंचावरचे पातळ, पिसांसारखे ढग मात्र घातक. दृश्य प्रतिमेत ते जेमतेम दिसतात आणि मोजणी बिघडवतात.

खरी डोकेदुखी वाऱ्याची. एनमॅप स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी ११ च्या सुमारास जातो, प्रिझ्मा साडेदहाला. मुंबई भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून साडेनऊ अंश पश्चिमेला असल्याने घड्याळात या वेळा साधारण ११:३८ आणि ११:०८ येतात. हिवाळ्यात नेमकी हीच वेळ मतलई वारे थांबून खारे वारे सुरू होण्याच्या मधली. वारा २ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली असला, की मिथेन कचऱ्याच्या डोंगरावरच साचून राहतो. प्रतिमेत ठळक डाग दिसतो आणि पाहणारा खूश होतो. पण तो साठा गेल्या किती वेळात जमला हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ताशी किती हा आकडा त्यातून निघत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत वारा या वेळेला अधिक भरवशाचा असतो. तिथे मागण्या दाट ठेवाव्यात, डिसेंबर-जानेवारीत विरळ.

वाऱ्याचा वेग कुठून घ्यायचा? बहुतेक जण ईआरए-५ या युरोपीय पुनर्विश्लेषणातून, म्हणजे हवामानाच्या नोंदी आणि संगणकीय प्रतिमान जुळवून केलेल्या माहितीतून घेतात. त्याचा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे २७-२८ किलोमीटर लांबीचा. मुंबईत अशा एका चौकोनात समुद्र, शहर, खाडी आणि नवी मुंबई सगळंच येतं. सांताक्रूझ आणि कुलाबा वेधशाळांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. सगळ्यात चांगलं म्हणजे कचराभूमीवर मोकळ्या जागी १० मीटरच्या खांबावर वायुवेगमापक बसवून दर मिनिटाची नोंद ठेवणं. उपग्रहाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे आणि आकड्यातली सगळ्यात मोठी अनिश्चितता तोच कमी करतो. वेळा जुळवताना ईआरए-५ चे तास जागतिक प्रमाणवेळेत असतात हे लक्षात ठेवावं. सकाळी ११:०८ म्हणजे तिथे ०५:३८. या साडेपाच तासांच्या गोंधळात दुपारचा जोरदार खारा वारा सकाळच्या लोटाला लावला जातो आणि आकडा दुपटीच्या आसपास जातो.

लोट की ताडपत्री

रेडिअन्स हाती आल्यावर पहिलं काम पाणी झाकण्याचं. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे मिथेनच्या वरच्या दोन्ही शोषणपट्ट्यांच्या टप्प्यात, पाणी जवळपास काळं असतं. तिथे संकेत नसतो, फक्त नॉइज असतो. आणि तो पार्श्वभूमीच्या गणितात मिसळला की जमिनीवरचं गणितही बिघडतं. पाण्याची हद्द ठरीव नकाशावरून घेऊ नये. ठाणे खाडीत ओहोटीला मोठे चिखलाचे पट्टे उघडे पडतात. त्याच दृश्यातल्या निकट-अवरक्त पट्ट्यावरून दर वेळी नवी हद्द काढावी, आणि ओला चिखलही वगळावा.

मग मॅच्ड फिल्टर चालवून प्रत्येक पिक्सेलसाठी मिथेनची वाढ पीपीएम-मीटरमध्ये (दशलक्षांश प्रमाण गुणिले थराची जाडी) मिळते. कचराभूमीवर इथूनच खोट्या खुणा सुरू होतात, आणि त्यांचं मुख्य कारण प्लास्टिक. पॉलिथिनमधले कार्बन-हायड्रोजन बंध १,७३० आणि २,३१० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात. दुसरी जागा मिथेनच्या पट्ट्यात अगदी मधोमध येते. कप्प्यावर अंथरलेली एचडीपीई या जाड पॉलिथिनची चादर, गोवंडी-मानखुर्दच्या छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या, भंगाराच्या गोदामांबाहेरचे प्लास्टिकचे ढीग हे सगळे मॅच्ड फिल्टरला मिथेनसारखे भासतात.

ओळखायचं कसं? संशयित पिक्सेलचा अख्खा वर्णपट काढून पाहावा. १,७३० ला स्पष्ट खळगा असेल, तर ते प्लास्टिक. २,३०० च्या आसपास एकच रुंद, गुळगुळीत खळगा असेल तरी संशय प्लास्टिकवरच. मिथेनच्या खुणा तिथे बारीक दातेरी असतात, आणि ५ नॅनोमीटरच्या पट्ट्यांमध्ये तो दातेरीपणा १० नॅनोमीटरपेक्षा बराच नीट उमटतो. दुसरी कसोटी वेगवेगळ्या दिवसांची. ठिपका वारा बदलला तरी त्याच जागी, त्याच आकाराचा राहत असेल, तर तो जमिनीवरचा आहे. तिसरी, ५ मीटरची दृश्य प्रतिमा खाली ठेवून कडा पाहायच्या. वायूच्या लोटाला सरळ कडा नसतात. सौर पटल, रंगवलेले पत्रे आणि नवं काँक्रीट यांच्या खोट्या खुणा याच कसोटीवर गळतात. फायरफ्लायसारखा ५ मीटरचा डेटा या कामात असा उपयोगी पडतो, मिथेन न पाहताही.

धुमसत्या कचऱ्याबद्दल एक सावधगिरी. आतून पेटलेली जागा पुरेशी तापली, की ती स्वतःच २,२०० च्या पुढे प्रकाश देऊ लागते आणि गणित भलतीकडे जातं. डोंगरावर कुठे धग आहे हे मुकादमाला रोजच्या पाहणीतून माहीत असतं. उपग्रह जाण्याच्या दिवशी ती जागा त्याच्याकडून नकाशावर खूण करून घ्यावी.

आकडा

समजा, मार्चमधल्या एका दृश्यात ३० मीटरचे १५० पिक्सेल लोटात धरले आणि त्यांची सरासरी वाढ ९०० पीपीएम-मीटर आली. मुंबईच्या तापमानाला १ पीपीएम-मीटर म्हणजे दर चौरस मीटरला ०.६५६ मिलिग्रॅम मिथेन. ९०० चे झाले ०.५९ ग्रॅम. १५० पिक्सेलचं क्षेत्र १,३५,००० चौरस मीटर. लोटात मिथेन भरला सुमारे ८० किलो. क्षेत्राचं वर्गमूळ ३६७ मीटर ही लोटाची लांबी धरतात.

आता परिणामी वारा, म्हणजे लोटाला प्रत्यक्ष वाहून नेणारा वेग. प्रिझ्माच्या ३० मीटर डेटासाठी प्रसिद्ध झालेलं एक सूत्र असं: १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याला ०.३४ ने गुणून त्यात ०.४४ मिळवायचे. वारा ३.५ मीटर प्रतिसेकंद असेल, तर उत्तर १.६३. ते ८० किलोंनी गुणून ३६७ ने भागलं, की सेकंदाला ०.३५ किलो, म्हणजे ताशी सुमारे १,२७० किलो. तोच लोट, वारा २ धरला तर ताशी ८७५ किलो. ५ धरला तर १,६७०. प्रतिमा एकच, आणि वाऱ्याच्या तीन अंदाजांनी आकडा दुपटीपर्यंत फिरतो. १० मीटरच्या खांबाचा आग्रह यासाठीच.

हे सूत्र एका बिंदूतून निघणाऱ्या लोटासाठी बसवलेलं आहे. कचराभूमी पसरट असते. कांजूरच्या अनेक कप्प्यांतून एकदम वायू निघत असेल, तर ‘लांबी’ म्हणजे नेमकं काय हेच धूसर होतं. २०२२ च्या अभ्यासातही कचराभूमीसारख्या पसरट स्रोतासाठी वेगळं संगणकीय अनुकरण करावं लागलं होतं. कंपनीच्या अहवालात ताशी आकडा तयार येतो, तेव्हा सूत्रातले गुणांक बिंदूचे की क्षेत्राचे, हे लेखी विचारावं. लोटाची कड कुठे मानली, म्हणजे नॉइजच्या दुप्पट की तिप्पट उंबरठ्यावर, हेही. उंबरठा बदलला की पिक्सेल, वस्तुमान आणि लांबी तिन्ही बदलतात. दोन्ही उंबरठ्यांवर आकडा काढून फरक पाहावा. तो २५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ते दृश्य परिमाणासाठी न वापरता फक्त ‘लोट आढळला’ म्हणून नोंदवणं आम्हाला रास्त वाटतं.

लोट नाही आढळला तर? ‘शून्य’ लिहायचं नाही. ‘त्या दिवशीच्या वाऱ्यात आणि पार्श्वभूमीवर ताशी अमुक किलोंच्या वरचं उत्सर्जन दिसलं असतं, तसं दिसलं नाही’ एवढंच लिहायचं.

आता तो ८,७६० चा गुणाकार. कचऱ्यातला वायू हवेच्या दाबाप्रमाणे कमी-जास्त सुटतो. दाब घसरला की बाहेर येतो, चढला की दबतो. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारी चारला कमी असतो. ठरावीक वेळेला जाणारा उपग्रह दर वेळी या चक्राचा एकच टप्पा पाहतो. एमिट वेगवेगळ्या वेळी जातं, म्हणून त्याची ६० मीटरची दृश्यंही इथे मोलाची. त्याहून मोठं कारण पावसाळ्याचं. ओल वाढली की कुजण्याचा वेग वाढतो, आणि कचरा सर्वाधिक ओला असतो ते चार महिने उपग्रहाला मुंबई दिसतच नाही. कोरड्या हंगामातल्या दहा-बारा दृश्यांवरून वर्षाचा आकडा द्यायचाच असेल, तर तो ‘नोव्हेंबर ते मे, सकाळी अकरा ते बारा’ अशा मथळ्याखाली द्यावा. पावसाळ्यासाठी कचऱ्याच्या वजनावरून चालणारं क्षयाचं प्रतिमान वेगळ्या ओळीत मांडावं. दोन्हींची बेरीज करून एकच संख्या छापू नये.

खात्याच्या हातात काय

अभियंत्याला ताशी टनांपेक्षा जागा हवी असते. लोटाचं मूळ ३० मीटरच्या एक-दोन पिक्सेलपर्यंत ओळखता येतं. ते वायुविहिरींच्या क्रमांकांच्या आणि कप्प्यांच्या आराखड्यावर टाकून द्यावं. उपग्रह गेल्यापासून दोन दिवसांच्या आत हातातलं लेझर मिथेनमापक घेऊन त्या मूळभोवती १०० मीटरच्या परिघात चालायचं. जमिनीपासून ५ ते १० सेंटिमीटरवर नळी, ओळींमध्ये ५ मीटर अंतर, प्रत्येक वाचनाला जीपीएस. लक्ष द्यायचं ते मातीच्या आवरणाला पडलेल्या भेगांकडे, विहिरीच्या डोक्याशी सुटलेल्या जोडाकडे, लीचेटने भरून बंद पडलेल्या विहिरीकडे आणि चादरीच्या फाटलेल्या शिवणीकडे. विहिरीतल्या ओढीचं, म्हणजे वायू खेचणाऱ्या उणे दाबाचं वाचनही तेव्हाच घ्यावं. ओढ शून्यावर असेल, तर वायू पाइपात न जाता भेगेतून वर येतो आहे. हे काम ड्रोनने लवकर होतं, पण देवनारला ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र आणि विमानतळ दोन्ही जवळ असल्याने उड्डाणाची परवानगी वेळेत मिळेल असं गृहीत धरू नये. हंगामाच्या आधीच अर्ज टाकावा आणि चालत जाण्याची तयारी ठेवावी.

दुरुस्ती झाल्यावर पुढची मागणी तीन ते चार आठवड्यांनी, शक्यतो पहिल्यासारख्याच पाहण्याच्या कोनातून आणि ३ मीटर प्रतिसेकंदाच्या वरच्या वाऱ्यात नोंदवावी. त्यासाठी सुरुवातीच्या करारातच एकूण दृश्यांपैकी तिसरा हिस्सा ‘दुरुस्तीनंतर’ म्हणून राखून ठेवावा लागतो. फेब्रुवारीत सगळी दृश्यं संपवली, तर एप्रिलमध्ये माती टाकून बुजवलेल्या भेगेचं काय झालं हे पाहायला काही उरत नाही, आणि मेअखेरीस ढग यायला लागतात.